अंड्यांसाठी पन्नासेक कोंबड्या घ्यायच्या आहेत, चांगला पैदासकार कसा पारखायचा?

मळेकरीण, दिंडोरी

नमस्कार. आमचा दिंडोरी तालुक्यात द्राक्षाचा मळा आहे, सोबत थोडा भाजीपाला. घरामागे दोन-अडीच गुंठे जागा मोकळी आहे, आंब्याची आणि शेवग्याची सावली आहे. सासूबाईंकडे कायम पंधरा-वीस गावरान कोंबड्या असायच्या. मागच्या पावसाळ्यात मानमोडी (राणीखेत रोग) आली आणि आठवड्याच्या आत खुराडं रिकामं झालं. वस्तीवर कोणाचंच काही उरलं नाही.

आता नव्याने सुरुवात करायची आहे, आणि या वेळी जरा मोठी. पन्नासेक कोंबड्या, मुख्यतः अंड्यांसाठी. आमचा भाजीचा टेम्पो नाशिकला जातोच. इंदिरानगर आणि गंगापूर रोडला ठरलेली घरं आहेत, ती आत्तापासूनच गावरान अंडी मागताहेत. त्यामुळे विक्रीची चिंता नाही. चिंता आहे ती पक्षी कुठून घ्यायचे याची.

सध्या समोर तीन पर्याय आहेत. एक गाडीवाला पाट्यांमधून महिनाभराची पिल्लं घेऊन गावात येतो. रंगीबेरंगी असतात, ‘ओरिजिनल गावरान’ म्हणतो. दुसरा एक जण व्हॉट्सअॅपवर कडकनाथचे फोटो पाठवतो. सगळे पैसे आधी द्या, अंडी आम्हीच परत विकत घेऊ, असं त्याचं म्हणणं. तिसरी एक हॅचरी मैत्रिणीने सांगितली, पण तिथे एक दिवसाची पिल्लं, आणि शंभरच्या खाली देत नाहीत.

घरचे म्हणतात, कोंबडी ती कोंबडी, कुठूनही आण. मला ते पटत नाही. द्राक्षाची कलमं घेताना आम्ही ज्या बागेची काडी आहे ती बाग पाहून येतो, मग जिवंत जीव घेताना कसं काहीच बघायचं नाही? समोरचा माणूस खरा पैदासकार आहे की नुसता दलाल, हे कसं ओळखायचं? त्याला काय काय विचारायचं? पिल्लं घ्यावी की तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या? आणि जात कोणती? अनुभवी मंडळींनी जरा सविस्तर सांगा.

नाशिकरोडकर

ताई, व्हॉट्सअॅपवाला पर्याय आजच काढून टाका. आगाऊ पैसे घ्यायचे, पक्षी द्यायचे आणि अंडी चढ्या भावाने परत घेऊ म्हणायचं, ही साखळी आपल्या राज्याने कडकनाथच्या नावावर पाहिली आहे. 2019 मध्ये ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा सांगली-कोल्हापूरकडचे कितीतरी शेतकरी त्यात अडकलेले होते. पक्ष्याचा काही दोष नव्हता. परत खरेदी थांबली आणि खाद्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर आला.

सरकारी बाजूही तपासा. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूरला आहेत. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत 50 टक्के अनुदानावर एक दिवसाची 100 पिल्लं, किंवा 8 ते 10 आठवड्यांच्या 25 तलंगा आणि 3 नर असा गट देतात. पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा, अर्ज कधी घेणार ते तिथेच कळेल.

सिन्नरचे नाना

ताई, मी सिन्नर तालुक्यात पेरेंट पक्षी, म्हणजे पैदाशीचे आईबाप पाळतो आणि त्यांची पिल्लं विकतो. माझी पिल्लं घ्या म्हणून लिहीत नाही, माझ्याकडची पुढची नोंदणी आधीच भरलेली आहे. पण गिऱ्हाईक येतं, पिल्लाचा रंग बघतं, दोन रुपये भाव पाडतं आणि खोकं उचलून निघतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जे विचारायला हवं ते कोणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून वेळ काढून लिहितो.

पिल्लं बघायला जाऊ नका, त्यांचे आईबाप बघायला जा. ज्याच्याकडे आईबाप नाहीत तो व्यापारी. व्यापारी असणं वाईट नाही, पण मग पिल्लं कोणत्या हॅचरीची, कोणत्या तारखेला निघालेली, हे त्याने कागदावर दिलं पाहिजे. ते देत नसेल तर परत फिरा.

आता आईबाप बघायचे म्हणजे शेडमध्ये शिरायचं नाही, हे आधी लक्षात घ्या. बरेच जण म्हणतात, अमक्याने आत येऊ दिलं नाही म्हणजे काहीतरी लपवतोय. उलट आहे. जो तुम्हाला रस्त्यावरच्या चपलांसकट थेट पक्ष्यांत नेतो, तो कालच्या गिऱ्हाइकालाही तसाच घेऊन गेला असणार, आणि तो कालचा माणूस कुठल्या आजारी खुराड्यातून आला होता ते कोणालाच माहीत नाही. चांगला पैदासकार तुम्हाला जाळीच्या बाहेर उभं करतो, दारात चुना किंवा औषधाचं पाणी ठेवतो, आत न्यायचंच झालं तर स्वतःकडच्या चपला देतो. ‘आज आणखी कुठल्या फार्मवर जाऊन आलात का?’ असं त्याने तुम्हालाच विचारलं, तर तो माणूस कामाचा. हो म्हणायची वेळ आली तर त्या दिवशी जाऊच नका.

जाळीबाहेरूनही पुष्कळ दिसतं. दहा मिनिटं शांत उभ्या राहा. घरघर, शिंका ऐकू येतात का? कोण पिसं फुलवून कोपऱ्यात बसलंय का? तुरा लालभडक आहे की फिका पडलाय? पायाची बोटं वाकडी, चोच कात्रीसारखी एकमेकींवर चढलेली, असे पक्षी एकापेक्षा जास्त दिसले तर समजा की नात्यातल्या नात्यात पैदास चालू आहे. म्हणून हा प्रश्न जरूर विचारा: नर कुठून आणता, आणि किती दिवसांनी बदलता? गावरान जातीच्या कळपात आठ-दहा माद्यांमागे एक नर लागतो. त्याच कळपातली पोरं वाढवून पुन्हा त्याच कळपात नर म्हणून सोडत राहिलं तर दोन-तीन पिढ्यांत अंडी फोल जायला लागतात आणि पिल्लं नाजूक निघतात. याचं उत्तर ज्याच्याकडे तयार असतं त्याने त्याचा विचार केलेला असतो. जो ‘आपले घरचेच नर’ असं अभिमानाने सांगतो, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

जातीचं बोलायचं तर इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. गिरिराजा बंगळूरच्या हेब्बाळची, वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. या जाती दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार होतात. म्हणजे वनराजाचा नर आणि वनराजाची मादी एकत्र सोडून जी पिल्लं निघतील ती वनराजा नव्हेत. ती धड मोठी होत नाहीत, अंड्यांचाही भरवसा राहत नाही. पण बाजारात हीच पिल्लं ‘वनराजा’ म्हणून विकली जातात आणि स्वस्त असतात म्हणून खपतात. तेव्हा विचारा: पेरेंट कुठून आणले? नर कोणत्या वाणाचा, मादी कोणत्या वाणाची? दोन्हींकडे एकच नाव आलं तर समजून जा.

तुम्हाला अंडी हवीत, तर वनराजापेक्षा ग्रामप्रिया बरी. ती वर्षाला 200 च्या आसपास जाते. गिरिराजा 130 ते 150 आणि मांसालाही चांगली. वनराजा 100-110. आपली अस्सल गावरान 50-60 देते आणि मध्ये खुडूक बसते, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसते. कडकनाथ साधारण 80 ते 100. हे आकडे नीट खाद्य आणि लसीकरण असेल तरचे, नुसतं उकिरड्यावर सोडून मिळणारे नव्हेत. तुमच्या इंदिरानगरच्या गिऱ्हाइकांना तपकिरी कवचाचं, झाडाखाली फिरणाऱ्या कोंबडीचं ताजं अंडं हवं असणार. ते ग्रामप्रिया देईल. फक्त त्यांना ‘अस्सल गावरान’ म्हणून विकू नका, ‘मळ्यातल्या मोकळ्या कोंबडीचं अंडं’ म्हणा.

कडकनाथ हौसेने घ्यायचाच असेल तर तोंड उघडून बघा. जीभ, टाळू, तुरा, पायाचा तळवा, सगळीकडे काळी छटा हवी. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळं अंडं सांगणाऱ्याला नमस्कार करून यायचं. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने गल्लीतल्या प्रत्येक काळ्या कोंबडीला मानांकन लागत नाही.

गाडीवाल्याची रंगीत पिल्लं नका घेऊ. त्यात कितीतरी वेळा लेअर, म्हणजे पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या जातीचे नर असतात. लेअर हॅचरीला नरांचा काही उपयोग नसतो, म्हणून ते कवडीमोलाने निघतात आणि त्यांना रंग लावूनसुद्धा विकतात. अंड्यांसाठी घेतलेला अख्खा लॉट मोठा झाला की आरवायला लागतो. शिवाय ती पाटी दहा गावं फिरून आलेली असते. मानमोडी गावात शिरायचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे.

आता खोकं उघडल्यावर काय बघायचं. एक दिवसाचं सुधारित जातीचं पिल्लू 34 ते 40 ग्रॅम भरतं. सगळी साधारण एका मापाची हवीत. डोळे टपोरे, अंग कोरडं आणि फुललेलं, बेंबी पूर्ण मिटलेली. बेंबीवर काळा खपलीचा ठिपका किंवा ओल असेल तर ते पिल्लू आठवडा काढत नाही. ढुंगण स्वच्छ हवं. पिल्लाला हातावर उताणं करा, दोन-तीन सेकंदांत उलटून उभं राहायला हवं. शंभराच्या खोक्यात पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यातली चार-पाच तरी हातात घेऊन बघा. वरच्या कप्प्यावर समाधान मानू नका. शंभरामागे दोन पिल्लं जास्तीची देण्याची रीत आहे, ती मागून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

मरेक्स या रोगाची लस एक दिवसाच्या पिल्लाला हॅचरीतच मानेत टोचतात. नंतर घरी देऊन उपयोग नसतो. ती दिली का, कोणत्या तारखेला, हे पावतीवर लिहून मागा. पावतीवर उबवणीची तारीख, जात, बॅच आणि लस एवढं आलं पाहिजे. मी स्वतः मागितलं नाही तरी देतो. भावाचा आकडा इथे लिहीत नाही, मक्याच्या भावाबरोबर तो सारखा हलतो. पण इतरांपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर कुठली तरी एक गोष्ट केलेली नाही एवढं नक्की.

आणखी एक. मिक्स पिल्लं घेतलीत तर निम्मे नर निघणार. पन्नास कोंबड्या हव्या तर शंभर-सव्वाशे पिल्लं घ्यावी लागतील, म्हणून हॅचरीची शंभरची अट तुमच्या सोयीचीच आहे. नर वाढवून विकायचे. आखाडात त्यांना जो भाव येतो तो वर्षात पुन्हा येत नाही, आणि श्रावण लागला की कोणी विचारत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पिल्लं आणली तर आखाडापर्यंत नर साडेचार महिन्यांचे होतात. आत्ता डिसेंबर-जानेवारीत आणू नका. निफाड-दिंडोरीची थंडी तुम्हाला मी काय सांगायची. पारा पाचच्या खाली जातो, त्यात रात्री लाईट गेली की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरून मरतात. पहिला आठवडा 32 ते 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. बल्बच्या जोडीला गॅस ब्रूडर किंवा शेगडीची सोय हवीच, आणि शेगडीचा धूर बाहेर जायला वाट हवी.

पाडेकर, सुरगाणा

नानांनी चांगलं लिहिलंय, पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर अजून अस्सल गावरान आहे. तिला बल्ब लागत नाही, गॅस लागत नाही. घार दिसली की आई एक आवाज काढते आणि पिल्लं झुडपात गडप. तुमची ग्रामप्रिया घार बघत उभी राहील. मुंगूस, बोका, रानमांजर असलेल्या मळ्यात हा फरक फार मोठा आहे.

ताईंनी एकदम शंभर पिल्लं आणण्यापेक्षा पाड्यावरून उबवणीची अंडी आणि दोन-तीन खुडूक कोंबड्या आणाव्यात. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसतात, 21 दिवसांत पिल्लं. अंडी सात दिवसांच्या आतली हवीत, फ्रीजमध्ये ठेवलेली नकोत, आणताना तुसात टोकाकडची बाजू खाली करून बसवायची आणि घरी आल्यावर दिवसभर स्थिर ठेवून मग कोंबडीखाली घालायची. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून बघितलं की फोल कोणतं ते कळतं, ते काढून टाकायचं.

आमच्या मावश्या कोणती कोंबडी चांगली ते फोटोवरून सांगत नाहीत. कोणती किती अंड्यांवर खुडूक बसते, कोणती पिल्लं मोठी करते, कोणती अंडी स्वतःच फोडून खाते, सगळं तोंडपाठ असतं. नोंदवही नसते, पण माहिती पक्की असते. जी कोंबडी दहातली आठ-नऊ पिल्लं जगवते तिचीच अंडी मागा. त्या थोडे जास्त पैसे घेतील, द्या. बाजारात येणारा दलाल त्यांना काही देत नाही.

सिन्नरचे नाना

पाडेकर, तुमच्या कोंबडीबद्दल मला आदर आहे, माझ्या घरीही आहेत. पण ताईंना ठरलेल्या घरांना दर आठवड्याला अंडी पोचवायची आहेत. गावरान खुडूक बसली की दोन-अडीच महिने अंडं बंद. पन्नास कोंबड्यांतल्या वीस एकदम बसल्या तर टेम्पो रिकामा जाईल. माझं मत असं की धंद्याला ग्रामप्रिया आणि सोबत पाच-सहा पाड्याच्या कोंबड्या. त्यांच्याखालीच पुढची पिल्लं काढता येतील. मात्र दोन्ही एकत्र येण्याआधी नव्या पक्ष्यांना किमान तीन आठवडे वेगळं ठेवायचं, वेगळी चप्पल, वेगळी भांडी. आधी जुन्यांना दाणा-पाणी, मग नव्यांना. उलटं करायचं नाही.

पशुवैद्यक, निफाड

दोघांचंही बरोबर आहे, फक्त एक गोष्ट दोघांकडूनही सुटली. आईबाप दिसायला ठणठणीत असले तरी काही आजार अंड्यातून पिल्लात उतरतात. त्यातला मुख्य पुलोरम, ज्याला पांढरी हगवण म्हणतात. पिल्लं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पटापट मरतात, ढुंगणाला पांढरी विष्ठा चिकटलेली असते. जी वाचतात ती मोठी होऊन आयुष्यभर जंतू बाळगतात आणि त्यांच्या अंड्यातून तो पुढे जातो. दुसरा मायकोप्लाझ्मा, ज्यातून जुनाट सर्दी-घरघर लागते.

पुलोरमची तपासणी सोपी आहे. मोठ्या पक्ष्याच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टाइलवर रंगीत अँटिजेनबरोबर मिसळायचा, दोनेक मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर पक्षी बाधित. तो कळपातून काढायचा. तेव्हा पैदासकाराला थेट विचारा, ‘पेरेंटची पुलोरम तपासणी शेवटची कधी झाली? अहवाल बघू.’ पाड्यावरची कोंबडी असो की हॅचरीची, हा प्रश्न दोन्हीकडे लागू आहे. पाड्यावर अहवाल नसणार हे मला माहीत आहे. तिथे त्या घरात मागच्या खेपेची पिल्लं कशी जगली हेच विचारा, आणि शक्य असेल तर जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

घरी आल्यावरच्या लसी: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची सौम्य लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस. आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची टोचायची लस, आर टू बी. ही शेवटची लहान पिल्लांना चुकूनही द्यायची नाही, ती जोरकस असते. तुमच्याकडे मानमोडी येऊन गेली आहे, त्यामुळे यातली एकही चुकवू नका. रिकामं खुराडं खरवडून, धुऊन, चुना लावून उन्हात महिनाभर मोकळं ठेवा, जुनं तूस जाळून टाका.

तलंगा घ्यायच्या की पिल्लं, हा प्रश्न राहिलाच. तलंगा महाग, पण ऊब देण्याची कटकट वाचते आणि नर-मादी दिसूनच येते. मात्र तलंगांबरोबर लसीचं कार्ड मिळालं पाहिजे, नाहीतर त्या कोणकोणत्या आजारातून उठल्या आहेत ते कळत नाही. आणि ‘अंड्यावर आलेल्या कोंबड्या’ म्हणून कोणी देत असेल तर चोच बघा. चोच कापलेली, नखं वाढलेली, मानेची पिसं घासून गेलेली, पिवळे पाय पांढुरके पडलेले, असं असेल तर ती पिंजऱ्यातून काढून टाकलेली जुनी लेअर आहे. तरुण तलंगेचे पाय गुळगुळीत आणि चमकदार असतात, खवले उचललेले नसतात.

आपल्या भागासाठी आणखी थोडं. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आपल्यापासून फार लांब नाही. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला आणि 2021 मध्ये पुन्हा आला. अशा बातम्या असतील त्या काळात कुठूनही पक्षी आणू नका, कितीही स्वस्त मिळाले तरी. आणि द्राक्षाच्या बागेत कोंबड्या सोडताना फवारणीचं भान ठेवा. गोडी छाटणीनंतर तुमच्याकडे फवारण्या किती होतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या काळात कोंबड्या मांडवाखाली गेल्या तर अंड्यातून काय जाईल याचा विचार करा. घरामागच्या दोन गुंठ्यांना जाळी मारा, त्यातच त्यांना ठेवा.

मळेकरीण, दिंडोरी

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. पाड्यावरच्या कोंबडीचं ऐकून त्यांचे डोळे लकाकले, कार्डाचं आणि पावतीचं ऐकून मिस्टरांना पटलं.

मी असं ठरवतेय: फेब्रुवारीत हॅचरीतून ग्रामप्रियाची शंभर पिल्लं, पण आधी जाऊन पेरेंट आणि पुलोरमचा अहवाल बघूनच नोंदणी. मैत्रिणीकडून फोन नंबर घेऊन मी आजच नर-मादीच्या वाणाचा प्रश्न विचारला. त्यांनी दोन्हींची वेगवेगळी नावं सांगितली आणि ‘बघायला या, पण आदल्या दोन दिवसांत दुसऱ्या कोंबड्यांत जाऊ नका’ असं स्वतःहून सांगितलं. त्यामुळे धीर आला. पाडेकर दादा, सुरगाण्याच्या कोंबड्या उन्हाळ्यानंतर, पहिली पिल्लं मोठी झाल्यावर.

दोन शंका उरल्या. हॅचरीतून घरापर्यंत दोन-अडीच तासांचा रस्ता आहे, पिल्लं कशी आणायची? आणि लासोटाची बाटली म्हणे शेकडो मात्रांची येते, मग शंभर पिल्लांसाठी अख्खी फोडायची का?

सिन्नरचे नाना

ताई, पिल्लाच्या पोटात बलक असतो, त्यावर ते दोन दिवस काढतं. भुकेने मरत नाही, गुदमरून मरतं. खोकं डिकीत ठेवू नका, मागच्या सीटवर सपाट ठेवा, खोक्याची भोकं झाकली जाणार नाहीत एवढं बघा, काच बोटभर खाली. पहाटे निघून ऊन चढायच्या आत घरी या. येण्याआधी तीन-चार तास ब्रूडर चालू करून जागा गरम करून ठेवा, तुसावर वर्तमानपत्र अंथरा. आल्या आल्या कोमट गुळाचं पाणी. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा. खाद्य दोनेक तासांनी, पाणी पिऊन झाल्यावर. रात्री बॅटरी घेऊन बघा: सगळी बल्बखाली गोळा झाली असतील तर ऊब कमी पडतेय, कडेला पळाली असतील तर जास्त होतेय, मोकळी पसरून झोपली असतील तर बरोबर आहे. पहिल्या आठवड्यात शंभरात तीन-चारपेक्षा जास्त मरतुक झाली तर माझी वाट न बघता मेलेलं पिल्लू घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हॅचरीलाही त्याच दिवशी कळवा. चांगला माणूस फोन उचलतो, कारण त्याच हॅचची पिल्लं आणखी दहा घरी गेलेली असतात.

पशुवैद्यक, निफाड

बाटली फोडावीच लागेल, आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवायची. उरलेली ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. म्हणून वस्तीवरच्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. ज्यांनी पुन्हा कोंबड्या आणल्या असतील त्यांना त्याच दिवशी, त्याच बाटलीतून द्या. सकाळी खुराडी उघडायच्या आधी सगळ्या हाताशी सापडतात. लस दुकानातून थर्मासमध्ये बर्फात आणा, 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. ज्या कोंबड्या आत्ताच शिंकताहेत किंवा झुरताहेत त्यांना त्या दिवशी लस नको, त्यांना वेगळं काढून मला दाखवायला सांगा.

मळेकरीण, दिंडोरी

बचत गटाची बैठक याच आठवड्यात आहे, तिथेच विषय घेते. वस्तीवर सध्या सहा घरांत कोंबड्या आहेत, सगळ्यांची गिनती करून बाटली मागवते.